शून्य केवढं मोठं आणि कॅफिन केवढंसं: कोला कंपन्यांच्या मार्केटिंगवाल्यांना खुलं पत्र

प्रिय कोलावाल्या मार्केटिंग मंडळींनो,

स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितेय कारण इंग्रजीत भांडायला गेलं की मी आपोआप सभ्य होते आणि आज तसं व्हायचं नाहीये. शिवाय तुम्ही जाहिराती बनवताना मला विचारलं नव्हतं, मग पत्र कुठल्या भाषेत लिहू हे मी तुम्हाला का विचारावं. तुमच्याकडे एवढी मोठमोठी ऑफिसं आहेत, एखादा कुलकर्णी नाहीतर शिंदे सापडेलच, त्याच्याकडून वाचून घ्या.

मी मूळची नाशिकची, २००७ पासून न्यू जर्सीत. साल मुद्दाम सांगतेय, कारण त्याच उन्हाळ्यात तुमच्यातल्या पेप्सीवाल्यांनी अमेरिकेत डाएट पेप्सी मॅक्स नावाचा बिनसाखरेचा कोला आणला आणि त्याच उन्हाळ्यात मी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन नेवार्कला उतरले. म्हणजे तो डबा आणि मी एकाच बॅचचे. पहिली नोकरी प्रॉडक्शन सपोर्टची, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटर सिस्टिमवर लक्ष ठेवायची, रात्री अकरा ते सकाळी सात, आणि तिथल्या मशीनमधली कॉफी म्हणजे पुठ्ठा उकळून गाळल्यासारखी, त्यामुळे आमची सगळी रात्रपाळी डब्यांवर चालायची. सांगायचा मुद्दा काय, तर मी तुमच्या विरोधी पार्टीतली नाही. कोलाने टॉयलेट साफ होतं, कोलात दात विरघळतो असले फॉरवर्ड मी फॅमिली ग्रुपवर टाकत नाही, कोणी टाकले तर दुर्लक्ष करते. मी चांगली अठरा-एकोणीस वर्षांची जुनी गिऱ्हाईक आहे आणि जुन्या गिऱ्हाइकाला दुकानदाराशी चार शब्द बोलायचा हक्क असतो.

झालं असं की परवा शनिवारी पोराला क्रिकेट प्रॅक्टिसवरून घेऊन येताना गॅस भरायला थांबलो. पोरगं चौदा वर्षांचं, घामाघूम, आत दुकानात गेलं आणि गार डबा घेऊन बाहेर आलं. मी भुवया वर केल्या तर साहेबांनी डब्याची पुढची बाजू माझ्यासमोर धरली, सिनेमात पोलीस ओळखपत्र दाखवतात ना तशी, आणि म्हणाला, "आई, झीरो आहे."

मी म्हटलं, काय झीरो?

"सगळंच. झीरो शुगर, झीरो कॅलरी. म्हणजे यात काही नाहीचे."

काही नाहीये तर पैसे कशाचे दिलेस रे, असं विचारेपर्यंत त्याच्या कानात हेडफोन गेला होता. मी डबा घेतला, फिरवला. शून्य केवढं मोठं, गाडी चालवताना पलीकडच्या लेनमधून वाचता येईल एवढं. आणि त्या डब्यात जी एकच गोष्ट खरोखर माणसाच्या अंगात काहीतरी करते, तिचा आकडा शोधायला मला चष्मा कपाळावरून नाकावर आणावा लागला, डबा दोनदा गोल फिरवावा लागला आणि शेवटी फोनचा टॉर्च लावावा लागला. बरं, तो आकडा तुम्ही छापता हे तुमचे उपकारच म्हणायचे, कारण इथल्या कायद्यात तशी सक्ती नाही. कॅफिन वरून घातलं असेल तर घटकांच्या यादीत नुसतं नाव यावं लागतं, किती घातलं ते सांगायचंच असं काही नाही.

तर मंडळी, माझं भांडण एवढंच आहे. डब्यात काय नाही ते तुम्ही पुढे ओरडून सांगता आणि काय आहे ते मागे कुजबुजता. पोराचं चुकलं असं मला वाटत नाही, तुम्ही जे वाचायला ठेवलंत ते त्याने वाचलं.

पोराचं सोडा, त्याच्या आजीची गोष्ट सांगते. २०१० साली आई पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी आली होती. डबा कुठल्या कंपनीचा होता ते लिहीत नाही, आमच्या फ्रिजमध्ये तेव्हा ज्याची ऑफर असेल तो यायचा, आणि चूक तर सरळसरळ माझीच होती. आईला डायबेटीस, चहा बिनसाखरेचा, आणि आयुष्यभराचा एक नियम की संध्याकाळी पाचनंतर चहाला हात लावायचा नाही, कारण झोप उडते. म्हणजे बघा, कॅफिन हा शब्द माहीत नसलेल्या बाईला कॅफिनचं सगळं गणित पाठ होतं, फक्त तिच्या हिशेबात ते चहात असतं. मी फ्रिज उघडून तिला सांगितलं की हे डाएटचं आहे, यात साखर नाही, तुला चालेल. डाएट म्हणजे आमच्याकडे पथ्य. आईने ऐकलं ते असं की हे पथ्याचं आहे. आणि पथ्याचं म्हटल्यावर बाईने ते औषधासारखं नियमाने घ्यायला सुरुवात केली, एक जेवणानंतर आणि एक रात्री सीरियल बघताना.

दुसऱ्या का तिसऱ्या रात्री अडीच वाजता मी पाणी प्यायला उठले तर किचनमध्ये लाइट. आई खाली बसलेली, समोर पेपर पसरलेला, कपाटातले सगळे डबे बाहेर काढून पुसून रांगेत लावलेले, फोडणीच्या डब्यातल्या वाट्या घासून पालथ्या घातलेल्या आणि ताटात मूग घेऊन बाई निवडत बसलेली. मला बघून म्हणते, "तुमच्या इथल्या मुगात खडेच नाहीत गं." खडे नाहीत तरी निवडणं चालू होतं. म्हटलं, आई अगं झोप ना, तर म्हणाली, "जागा बदलली की मला अशी झोप येत नाही." जागा बदलून तीन आठवडे झाले होते. आम्ही सगळ्यांनी आधी जेट लॅग म्हटलं, मग गादी मऊ आहे म्हटलं, मग हीटरचा आवाज म्हटलं, नवऱ्याने तर तिच्यासाठी वेगळी उशी आणली. डबा कोणाच्याच डोक्यात आला नाही, कारण डबा पथ्याचा होता ना! कॅफिनचं असं आहे की पाचेक तासांनी सुद्धा त्यातलं अर्धं शरीरात शिल्लक असतं, म्हणजे रात्री नऊच्या डब्याचं अर्धं दोन वाजता अंगात फिरत असतं, आणि आईसारख्या माणसाला, जिला पाचनंतरचा अर्धा कप चहा बाधतो, तिला ते पुरेसं आहे.

आता तुमच्याकडे येते. डाएट पेप्सी मॅक्सचंच उदाहरण घेते कारण ते माझ्या डोळ्यासमोर वाढलं, नाव बदललं, कपडे बदलले आणि शेवटी आतून पण बदललं.

मॅक्स मूळचं इथलं नाहीच. १९९३ मध्ये ते ब्रिटन-इटलीकडे आलं, अमेरिकेत येऊ शकलं नाही कारण त्यातलं एक गोड रसायन, एसेसल्फेम पोटॅशियम, त्याला इथे कोल्ड्रिंकमध्ये वापरायची परवानगीच १९९८ मध्ये मिळाली. परवानगी मिळाल्या मिळाल्या पेप्सी वन आलं, एका कॅलरीचं, आणि त्यात कॅफिन साध्या पेप्सीपेक्षा बरंच जास्त, डब्याला ५५ मिलिग्रॅमच्या आसपास. नाव मात्र कॅलरीवरून ठेवलं. म्हणजे सवय तेव्हापासूनची आहे. मग २००७ मध्ये डाएट पेप्सी मॅक्स, १२ औंसाच्या म्हणजे ३५५ मिलीच्या डब्यात ६९ मिलिग्रॅम कॅफिन आणि वर जिनसेंग नावाची मुळी. साध्या पेप्सीत ३८, डाएट कोकमध्ये ४६, माउंटन ड्यू जे पिऊन पोरं रात्रभर गेम खेळतात त्यात ५४. आणि ह्यात ६९!

सुरुवातीची जाहिरात मला आवडली होती, खरं सांगते. २००८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलला, आली होती. ऑफिसात, मिटिंगमध्ये, जिथे तिथे माणसं पेंगतायत, माना खाली पडतायत, मग डबा पितात आणि तीच मान गाण्याच्या तालावर डुलायला लागते. आमच्या रात्रपाळीत ती जाहिरात सगळ्यांची फेवरेट होती कारण आम्ही हुबेहूब तसेच दिसायचो. त्यात निदान सांगितलं तरी होतं की बाबांनो हे झोप घालवायचं पेय आहे.

आणि मग पुढच्याच वर्षी, २००९ च्या सुपर बोलला, तुम्हाला काय सुचलं देव जाणे. पुरुषांना फटके बसतायत, शॉक लागतायत, डोकी आपटतायत आणि प्रत्येक जण उठून म्हणतो मी ठीक आहे. तात्पर्य काय, तर पुरुष काहीही सहन करू शकतात, फक्त डाएट कोलाची चव नाही, म्हणून हा घ्या पुरुषांसाठीचा पहिला डाएट कोला. त्याच सुमाराला नावातला डाएट हा शब्द पण गेला, कारण डाएट म्हटलं की बायकी वाटतं म्हणे. अहो आमच्या शिफ्टला सात माणसं, त्यात तीन बायका, आणि सगळ्यात जास्त रिकामे डबे माझ्या टेबलाखाली! ती जाहिरात लागली त्या रात्री मी हातातल्या डब्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा कळलं की मी नवऱ्याचं काहीतरी न विचारता पितेय. बरं पुरुषांसाठी म्हणजे नक्की काय, त्यात काय वेगळं घातलं होतं? रेसिपीत पुरुषी असं काहीच नव्हतं, वेगळेपणा होता तो ६९ मिलिग्रॅमचा, आणि नेमकं तेच जाहिरातीतून काढून टाकलं. कॅफिनची जागा मर्दानगीने घेतली. आणि गंमत अशी की २०११ मध्ये त्याच कंपनीने न्यूयॉर्कच्या फॅशन वीकला डाएट पेप्सीचा उंच, बारीक, सडपातळ डबा काढला बायकांसाठी, त्यावर बोंबाबोंब झाली, खाण्याच्या आजारांवर काम करणाऱ्या लोकांनी टीका केली. म्हणजे फ्रिजच्या एका फळीवर डोक्यात फटका खाणारा डबा आणि खालच्या फळीवर पोट आत घेऊन उभा राहिलेला डबा, दोन्ही काळं पाणीच!

त्याच्या आधी २००८ च्या शेवटी जर्मनीत मॅक्सच्याच छापील जाहिरातीत एका एकुलत्या एका कॅलरीने जीव दिल्याची चित्रं काढली होती, त्यावरून माफी मागावी लागली. तिथे सुद्धा बघा, हिरो कोण, तर कॅलरी. जी नाहीच आहे तिच्यावर अख्खी जाहिरात.

मग २०१२ ला ते म्हाताऱ्याच्या मेकअपमधल्या बास्केटबॉलपटूचे व्हिडिओ, कायरी अर्विंग पांढरी दाढी लावून पार्कमध्ये पोरांना हरवतो ते, आमच्या घरी पण हसून हसून बघितले, पण त्यात पेयाबद्दल काय होतं मला आजही आठवत नाही. २०१६ मध्ये नाव झालं पेप्सी झीरो शुगर. मॅक्स हा शब्द गेला. मॅक्स म्हणजे काहीतरी जास्त आहे एवढी तरी कुणकुण लागत होती हो! आता उरलं फक्त शून्य, आणि कॅफिन मात्र तेवढंच, ६९. म्हणजे २०१६ ते २०२३ अशी सहा-सात वर्षं साध्या पेप्सीच्या जवळजवळ दुप्पट कॅफिनचा डबा झीरो नावाने विकला जात होता. झीरो नाव ठेवायला आमची ना नाही, साखर खरंच शून्य होती. पण नाव ऐकून माणूस काय समजेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्याचाच तुम्हाला पगार मिळतो.

२०२३ च्या जानेवारीत रेसिपी बदलली आणि कॅफिन ६९ वरून ३८ वर आलं. त्या सुपर बोलला स्टीव्ह मार्टिन आणि बेन स्टिलर या सिनेमातल्या नटांच्या जाहिराती, मस्त होत्या, की आम्हाला हे आवडतंय असं आम्ही म्हणतोय ते खरं का अ‍ॅक्टिंग, तुम्हीच पिऊन ठरवा. सगळी चर्चा चवीची. आणि इकडे माझ्यासारख्या लोकांचं काय झालं माहितीये का, दुपारी तीनच्या डब्यानंतर सुद्धा डोकं जड, चारला कपाळ ठणकायला लागलं, मला वाटलं आता चाळिशी झाली, आता हे असंच चालायचं. वयाला चार दिवस शिव्या घातल्या आणि मग मुलाच्या सायन्स प्रोजेक्टसाठी वेगवेगळ्या पेयांचे आकडे शोधताना ३८ दिसलं. कॅफिन घालताना सांगितलं मर्दानगीत गुंडाळून, काढताना सांगितलं चवीत गुंडाळून. कमी केलं ते चांगलंच केलं, तक्रार कमी करण्याबद्दल नाहीये. पण रोज दोन डबे पिणाऱ्या माणसाच्या दिवसातून ६० मिलिग्रॅम गेलं तर ते त्याला पुढच्या बाजूला वाचायला मिळायला नको का? भिशीत सुद्धा हप्ता बदलला तर आधी सांगतात.

तुम्ही म्हणाल बाई एवढा काय कांगावा, ६९ म्हणजे एक मगभर कॉफीपेक्षा कमीच आहे. आहेच. साध्या घरगुती कॉफीच्या कपात ९० च्या वर सहज असतं, आणि इथलं एफडीए, म्हणजे अन्न-औषध खातं, धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत ठीक म्हणतं. म्हणून तर मी विष वगैरे शब्द वापरत नाहीये. पण कॉफी पिताना माणसाला माहीत असतं की मी कॉफी पितोय. सातवीतल्या पोराच्या वाढदिवसाला पिझ्झाबरोबर कोणी कॉफीचा थर्मास ठेवत नाही, कोलाच्या बाटल्या ठेवतात. कॅनडाचं आरोग्य खातं मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे अडीच मिलिग्रॅमची मर्यादा सांगतं. तीस किलोचं पोर धरलं तर झाले ७५. म्हणजे एका जुन्या मॅक्सच्या डब्यात त्याचा दिवसाचा कोटा जवळजवळ संपला, आणि वर आई खूश की चला साखर तरी नाही गेली पोटात.

आता आकड्यांची एक गंमत सांगते, मी सपोर्टवाली आहे, मला लॉग, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदी, वाचायची खोड आहे. अमेरिकेत कोलामध्ये कॅफिन ०.०२ टक्के एवढं सुरक्षित मानतात, म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ३५५ मिलीच्या डब्याला ७१. आणि मॅक्समध्ये किती, तर ६९. युरोपात लिटरला १५० च्या वर गेलं की पेयाच्या नावाजवळच लिहावं लागतं की कॅफिन जास्त आहे, मुलांना आणि गरोदर बायकांना नको. तिकडच्या ब्रिटनमधल्या मॅक्समध्ये किती, तर ३३० मिलीला ४३, म्हणजे लिटरला १३०. दोन्हीकडे रेषेच्या आत, इकडे रेषा लांब तर पाय लांब, तिकडे रेषा जवळ तर पाय आखडलेले. इथला जुना डबा लिटरला १९४ भरतो. तोच डबा लंडनला नेला असता तर त्याच्यावर इशारा छापावा लागला असता, आणि नाशिकला नेला असता तरी छापावा लागला असता, कारण भारतात लिटरला १४५ च्या वर गेलं की ते कॅफिनवालं पेय म्हणूनच विकावं लागतं, मुलांसाठी नाही असं लिहावं लागतं. म्हणजे इशारा द्यायला जागा नव्हती, शाई नव्हती असं काही नाही. जिथे कायद्याने कान धरला तिथे जागा बरोबर सापडते.

नाशिकवरून आठवलं. गेल्या वेळी गेले तेव्हा भाचा क्लासला जाताना वीस रुपयांची एनर्जीवाली लाल बाटली घेऊन निघालेला, म्हटलं बघू दे, त्यावर ते मुलांसाठी नाही वगैरे लिहिलेलं होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, तेही मागे. तिकडे जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत मंत्र्यांनी सांगितलं होतं की शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची एनर्जी ड्रिंक्स विकायला बंदी आणणार. ५०० मीटर मोजत कोण बसणार हा प्रश्न आहेच, आमच्या शाळेसमोरचा टपरीवाला तर शाळेच्या भिंतीलाच टेकून बसायचा. पण निदान विषय निघाला. आणि तिथेही चर्चा एनर्जी ड्रिंकची, कोलाकडे कोणी बघतच नाही, कारण कोला म्हणजे घरचाच.

आणि मोठ्या अक्षरात लिहिता येत नाही असं तर अजिबात सांगू नका. १९८२ मध्ये पेप्सी फ्री काढलं तेव्हा फ्री कशापासून ते सगळ्या देशाला सांगितलंत ना? कॅफिनपासून! सेव्हन अपवाल्यांनी त्याच काळात अख्खी मोहीम चालवली की आमच्यात कॅफिन कधी नव्हतं आणि कधी नसेल. आजसुद्धा कॅफिन-फ्री डब्यावर ते शब्द लांबून वाचता येतात. म्हणजे नसलं की नावात, असलं की मागच्या घडीत. लग्नाच्या बायोडेटात असंच असतं बघा, मुलगा निर्व्यसनी असेल तर पहिल्या ओळीत, नसेल तर तो रकानाच नाही.

मला तर कधीकधी त्या जोल्ट कोलाचं कौतुक वाटतं. १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमधून आलेला, आणि त्याची घोषणाच अशी की साखर सगळी आणि कॅफिन दुप्पट! आमच्या ऑफिसातला एक जुना प्रोग्रॅमर अजून त्याची आठवण काढतो, डोळे पाणावतात त्याचे. कॅफिन किती, तर डब्याला ७२ च्या आसपास, म्हणजे तुमच्या मॅक्सएवढंच साधारण. फरक एवढाच की त्याने छातीवर लिहिलं. वाईट पेय असेल, पण खोटं नव्हतं, आईबापांना लांबून दिसायचं की हे काय प्रकरण आहे. पेप्सीने स्वतः १९८९ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये पेप्सी ए.एम. म्हणून सकाळच्या नाश्त्याचा कोला करून बघितला होता, कॅफिन थोडं जास्त घालून, कॉफीऐवजी प्या म्हणून. चालला नाही, बंद झाला. मला वाटतं तुम्ही त्यातून धडा असा घेतला की कॅफिनचं नाव काढलं की माल खपत नाही, तेव्हा घालत राहा पण नाव काढू नका. चुकत असेन तर सांगा, तुमच्या मिटिंगला मी नव्हते.

तर माझी मागणी. डब्याच्या पुढच्या बाजूला, जिथे ते शून्य आहे ना, त्याच्या शेजारी, त्याच मापाच्या अक्षरात कॅफिनचा आकडा लिहा. ३८ असेल तर ३८, ६९ असेल तर ६९. इशारा नको, कवटी नको, गरोदर बाईचं चित्र नको, उपदेश तर मुळीच नको. नुसता आकडा. आणि जेव्हा तो बदलाल तेव्हा चवीबरोबर त्याचीही दवंडी पिटा, स्टीव्ह मार्टिनच पाहिजे असं नाही, साधा कागद चिकटवलात तरी चालेल. तुमचं काहीच नुकसान नाही बघा. आमच्यासारखे रात्रपाळीवाले तर आकडा बघूनच घेतील, मोठा आकडा असेल तर दोन घेतील. आणि ज्या बाईला पाचनंतर चहा चालत नाही तिला कपाटातले डबे बाहेर काढायची वेळ येणार नाही.

पोराच्या त्या दिवशीच्या डब्याचं काय झालं विचाराल तर अर्धा मी प्यायले. दुपारचे तीन वाजले होते, म्हणून.

कळावे, लोभ असावा, 
तुमची जुनी गिऱ्हाईक, 
एक नाशिककरीण, सध्या मुक्काम न्यू जर्सी

ता.क. काल आईला फोनवर हे पत्र वाचून दाखवलं. पथ्याच्या पाण्यात काय होतं ते तिला सोळा वर्षांनी पहिल्यांदा सांगितलं. थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "म्हणजे ती वेगळी उशी उगाचच आणली गं जावयांनी."